वाचकांचे प्रश्न : मार्कडाउनचं एचटीएमएल, ब्राउझरमध्येच

या अंकातले सगळे प्रश्न एकाच कामाचे आहेत: मार्कडाउनमध्ये (तारका, डॅश अशा साध्या खुणांनी मांडणी सांगण्याच्या पद्धतीत) लिहिलेला मजकूर सर्व्हरला मधे न घेता, वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच एचटीएमएल करून दाखवायचा. खरं रूपांतर एका ओळीत होतं. अडतं ते त्या ओळीच्या आधी किंवा नंतर.

प्रश्न : मार्क्ड, मार्कडाउन-इट, शोडाउन, कॉमनमार्क अशी नावं दिसतात. तोच मजकूर प्रत्येकात थोडा वेगळा उमटतो. बरोबर कोणतं? आणि एवढी मोठी लायब्ररी घेण्यापेक्षा चार रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधणारे नियम) लिहून भागणार नाही का?

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा सोबत एक पर्ल स्क्रिप्ट आणि नियम सांगणारं एक पान होतं. त्या पानावर कोपऱ्यातल्या अनेक गोष्टी सांगितलेल्याच नव्हत्या. यादीच्या आत यादी किती स्पेस सोडून लिहायची, परिच्छेदाला चिकटून यादी सुरू झाली तर काय, असे प्रश्न ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवले. २०१४ मध्ये कॉमनमार्कचं काटेकोर विनिर्देशन आलं. त्यात साडेसहाशेच्या आसपास उदाहरणं आहेत आणि प्रत्येकापुढे अपेक्षित एचटीएमएल दिलेलं आहे. तक्ते, खोडलेला मजकूर आणि खुणेच्या चौकटी मात्र त्यात नाहीत. त्या गिटहबच्या बोलीत आहेत, आणि तिचं औपचारिक विनिर्देशन २०१७ चं.

म्हणून निवडीचा निकष सरळ आहे: कॉमनमार्क पाळणारी लायब्ररी घ्या. आमची पहिली पसंती मार्कडाउन-इट. मजकुरातलं कच्चं एचटीएमएल ती मूळ सेटिंगमध्ये आत येऊ देत नाही आणि हवी ती गोष्ट बदलता येते. मार्क्ड आटोपशीर आणि वेगवान आहे, पण कच्चं एचटीएमएल ती जसंच्या तसं पुढे पाठवते. शोडाउन जुनी आहे आणि तिची बोली स्वतःची; जुना मजकूर तिच्यासाठीच लिहिलेला असेल तर ठेवा.

रेगेक्सचं म्हणाल तर, दोन तारकांच्या जोडीमधलं सगळं ठळक करणारा एक नियम लिहा आणि मग बॅकटिक या कोडच्या खुणेच्या आत `२**३**२` असं गणित लिहून पाहा. कोडमधला ३ ठळक होऊन बसेल आणि तारका नाहीशा होतील. पार्सर (मजकूर वाचून त्याची फोड करणारा लायब्ररीचा भाग) आधी मजकुराचे ठोकळे पाडतो (परिच्छेद, यादी, अवतरण, कोड) आणि मग प्रत्येक ठोकळ्याच्या आत ठळक, तिरपं, लिंक शोधतो. कोडच्या ठोकळ्यात तो शोधतच नाही. हा क्रम रेगेक्सच्या साखळीत बसत नाही.

आणखी एक. लायब्ररी सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या जाहीर सर्व्हरवरून) घेत असाल तर पत्त्यात आवृत्तीचा आकडा हवाच. मार्क्ड पूर्वी शीर्षकांना आपोआप आयडी देत असे. पुढच्या एका मोठ्या आवृत्तीत ते काढून टाकलं. ज्यांच्या पत्त्यात आकडा नव्हता त्यांची अनुक्रमणिका, कुणी काहीही न बदलता, चालेनाशी झाली.

प्रश्न : मजकूर पानातच एका डिव्हमध्ये लिहून ठेवला आहे आणि स्क्रिप्टने तो उचलून पार्सरला देते. पहिलं शीर्षक नीट येतं, पण पुढचं सगळं राखाडी कोड-चौकटीत. `>` ने सुरू होणारी अवतरणंही होत नाहीत.

हे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला समासाचा. मार्कडाउनमध्ये ओळ चार किंवा जास्त स्पेसनी आत सरकली की ती कोड समजली जाते. एचटीएमएल नीटनेटकं दिसावं म्हणून डिव्हच्या आतला मजकूर तुम्ही आत ढकललेला असणार. त्यावर तुम्ही बहुधा ट्रिम वापरलं आहे. ट्रिम फक्त अगदी सुरुवातीच्या आणि शेवटच्या स्पेस काढतं, म्हणून पहिली ओळ सुधारली आणि बाकीच्या तशाच राहिल्या. जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकच्या आत लांब मजकूर लिहिणाऱ्यांनाही नेमकं हेच दिसतं.

उपाय असा: मजकुराच्या ओळी वेगळ्या करा. रिकाम्या ओळी सोडून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस मोजा आणि त्यातला सर्वांत लहान आकडा घ्या. तेवढ्याच स्पेस प्रत्येक ओळीतून काढा आणि ओळी पुन्हा जोडा. प्रत्येक ओळीच्या सगळ्याच स्पेस उडवू नका, नाहीतर आतल्या याद्या सपाट होतील. काही ओळींत टॅब आणि काहींत स्पेस असतील तर हा हिशेब चुकतो. आधी सगळीकडे एकच ठेवा.

दुसरा दोष मजकूर उचलण्याचा. तुम्ही इनर-एचटीएमएल (घटकाच्या आतलं एचटीएमएल) वाचता आहात. ते वाचताना ब्राउझर `>` च्या जागी अँपरसँडने सुरू होणारं त्याचं सांकेतिक रूप देतो, त्यामुळे पार्सरला अवतरणाची खूण दिसतच नाही. टेक्स्ट-कंटेंट (आतला नुसता मजकूर) वाचा. तरीही डिव्ह ही जागा मुळात चुकीची आहे, कारण कोनी कंसात लिहिलेला पत्ता ब्राउझर टॅग समजतो आणि तो मजकूर तुमच्या हाती येण्याआधीच बिघडलेला असतो. स्क्रिप्ट टॅगला टाइप म्हणून टेक्स्ट-स्लॅश-मार्कडाउन द्या आणि मजकूर त्यात ठेवा. ब्राउझर तो चालवतही नाही, दाखवतही नाही, बदलतही नाही. बंधन एकच, मजकुरात कुठेही स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग येता कामा नये. तो आला की मजकूर तिथेच संपतो, मग तो कोडच्या चौकटीत का असेना.

प्रश्न : मार्कडाउन फाइल वेगळी ठेवून फेचने (ब्राउझरच्या फाइल मागवणाऱ्या फंक्शनने) आणतो. माझ्या संगणकावर पान डबल-क्लिकने उघडलं तर काहीच दिसत नाही. सर्व्हरवर चढवल्यावर मजकूर येतो, पण चित्रं तुटलेली.

डबल-क्लिकने उघडलेल्या पानाचा पत्ता ‘फाइल’ने सुरू होतो, आणि तिथून शेजारची फाइल फेच करायला ब्राउझर सुरक्षेपायी नकार देतो. कन्सोल उघडलात तर लाल अक्षरांत तसं लिहिलेलं सापडेल. कामाच्या फोल्डरमध्ये छोटा सर्व्हर चालू करा. पायथन असेल तर त्याचं एचटीटीपी-सर्व्हर मोड्यूल पुरतं. ते ८००० क्रमांकाच्या पोर्टवर फोल्डर उघडं करतं.

चित्रांचं कारण निराळं आहे. मार्कडाउन फाइल ‘लेख’ फोल्डरमध्ये आणि चित्रं तिच्याच शेजारी, पण पान मात्र एक पायरी वर. ब्राउझर सापेक्ष पत्ता पानापासून मोजतो. मजकूर कुठल्या फाइलमधून आला हे त्याला ठाऊक नसतं. रूपांतर करताना प्रत्येक चित्राचा आणि लिंकचा पत्ता यूआरएल कन्स्ट्रक्टरला द्या, आधार म्हणून मार्कडाउन फाइलचा पूर्ण पत्ता द्या, आणि जो पत्ता मिळेल तो बसवा. मार्कडाउन-इटमध्ये हे चित्राच्या आणि लिंकच्या रेंडर-नियमात करता येतं. एचटीएमएल पानात बसवून मग दुरुस्त करायला जाल तर तोवर ब्राउझरने चुकीच्या पत्त्यांवर मागण्या पाठवून झालेल्या असतात.

जाता जाता: फाइल सापडली नाही तरी फेच स्वतःहून चूक म्हणत नाही. उत्तराचं ‘ओके’ तपासल्याशिवाय मजकूर पार्सरला दिलात, तर सर्व्हरचं ४०४ चं पान लेखाच्या जागी दिमाखात उभं राहतं.

प्रश्न : वाचकांच्या प्रतिक्रिया मार्कडाउनमध्ये घेतो. स्क्रिप्ट टॅग घालून पाहिला, काहीच चाललं नाही. म्हणजे सुरक्षित आहे ना?

नाही. तुमच्या चाचणीने फक्त एवढंच सिद्ध झालं की इनर-एचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही. तो नियमच आहे. आता चित्राचा टॅग घाला, पत्ता मुद्दाम खोटा द्या आणि ऑनएररमध्ये (चित्र न मिळाल्यास चालणाऱ्या कोडमध्ये) अलर्ट लिहा. कच्चं एचटीएमएल आत येत असेल तर अलर्ट उघडेल. ‘आधी पानाबाहेरच्या सुट्या डिव्हमध्ये भरून तपासतो’ ही युक्तीही फसवी आहे. डिव्ह पानाला जोडलेला नसला तरी चित्र लोड व्हायला लागतं आणि ऑनएरर तिथेच चालतो.

कच्चं एचटीएमएल बंद केलं तरी दुसरं दार उघडं असतं. लिंक हे शुद्ध मार्कडाउन आहे, आणि तिच्या गोल कंसात वेबपत्त्याऐवजी ‘जावास्क्रिप्ट’ आणि अपूर्णविरामाने (:) सुरू होणारा मजकूर लिहिता येतो. कुणी त्यावर क्लिक केलं की तो कोड चालतो. मार्कडाउन-इट असे पत्ते नाकारते. मार्क्ड नाकारत नाही. तिच्यात पूर्वी सॅनिटाइझचा (एचटीएमएल स्वच्छ करण्याचा) पर्याय होता, तो काढून टाकला आहे आणि हे काम वेगळ्या साधनाने करा असं ती सांगते.

ते साधन म्हणजे डॉमप्युरिफाय, एचटीएमएलमधला घातक भाग काढून टाकणारी लायब्ररी. ते कुठल्या क्रमाने वापरायचं यातच बहुतेकांची गफलत होते. मार्कडाउन आधी स्वच्छ करून मग पार्सरला देणं दोन्हीकडून वाईट. बॅकटिकमध्ये नमुना म्हणून दाखवलेले टॅग गाळले जातात, कोनी कंसातले पत्ते नाहीसे होतात, आणि घातक लिंक मात्र त्या टप्प्यावर साधा मजकूर असल्यामुळे बिनधास्त पुढे जाते. क्रम असा ठेवा: आधी पार्सर, मग कोडची रंगसंगती किंवा तुमच्या इतर भरी, मग डॉमप्युरिफाय, आणि लगेच पानात. स्वच्छ झालेल्या मजकुरावर पुन्हा शोधा-बदला चालवू नका, अगदी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं बसवण्यासाठीसुद्धा. स्वच्छता त्यानंतरच्या मजकुराची हमी देत नाही.

लिंक नव्या टॅबमध्ये उघडाव्यात म्हणून टार्गेट घातलं असेल तर डॉमप्युरिफाय ते काढून टाकतं. याबद्दल बरेच जण ‘बिघाड आहे’ असं कळवतात. बिघाड नाही, ते परवानगीच्या यादीत नाही इतकंच. यादीत त्याची भर घाला, किंवा गुणधर्म स्वच्छ झाल्यानंतर चालणाऱ्या हुकमध्ये लिंकना ते लावा.

साठवताना मूळ मार्कडाउन साठवा आणि प्रत्येक वेळी दाखवताना स्वच्छ करा. स्वच्छ केलेलं एचटीएमएल साठवलंत, तर उद्या डॉमप्युरिफायमधली एखादी फट बुजवली गेली तरी जुन्या नोंदी तशाच राहतील. सर्व्हरच्या हेडरमध्ये कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी देता येत असेल तर टॅगच्या आत लिहिलेले स्क्रिप्ट त्यात बंद ठेवा. एखादा ऑनएरर निसटलाच तरी तिथे अडेल.

प्रश्न : मराठी मजकुरात काही शब्द ठळक होतात, काही ठिकाणी तारका तशाच दिसतात. १. २. ३. अशी यादी एकाच परिच्छेदात येते. शीर्षकांवर जाणाऱ्या लिंकही चालत नाहीत. लायब्ररी मराठीला मानत नाही का?

लायब्ररी नियमच पाळते आहे, पण नियम लिहिताना शब्दाला चिकटणारे प्रत्यय कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

`**नवीन**मध्ये` हे चालतं. `_नवीन_मध्ये` चालत नाही, कारण अंडरस्कोअर शब्दाच्या मधोमध असेल तर त्याला खूण मानायचं नाही असं ठरलेलं आहे. मराठीत जोर देण्यासाठी तारकाच वापरा, हा विषय तिथेच संपतो. अवघड जागा ही: `**"नवीन"**मध्ये`. बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच नंतर अक्षर असेल तर कॉमनमार्क त्या तारकांना बंद करणाऱ्या मानत नाही. गोल कंसाचंही तेच. चिन्ह बाहेर काढून `"**नवीन**"मध्ये` लिहा, किंवा प्रत्ययही आत घेऊन `**"नवीन"मध्ये**`. दोन्ही चालतात. तारकेच्या आतल्या बाजूला चुकून स्पेस राहिली, म्हणजे `**नवीन **`, तरी ठळक होत नाही.

यादीच्या क्रमांकासाठी फक्त 0 ते 9 हे अंक ओळखले जातात. देवनागरी अंक पार्सरच्या दृष्टीने साधी अक्षरं. मूळ मजकुरात `1.` `2.` लिहा आणि सीएसएसमध्ये क्रमित यादीच्या लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ ही किंमत द्या. ही शैली ब्राउझरमध्ये तयारच असते. दाखवताना १, २, ३ येईल. उलट गंमतही होते: परिच्छेदाच्या सुरुवातीला `2014.` असं साल आणि पूर्णविराम आला की ती २०१४ पासून सुरू होणारी यादी बनते. तिथे पूर्णविरामाच्या आधी बॅकस्लॅश द्या.

शीर्षकांच्या आयडीचा दोष बहुधा तुमच्या किंवा प्लगिनच्या रेगेक्समध्ये आहे. जावास्क्रिप्टमधला ‘शब्दाचं अक्षर’ हा संकेत (बॅकस्लॅश आणि डब्ल्यू) फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर ओळखतो. तेवढंच ठेवून बाकी गाळलं तर मराठी शीर्षकाचा आयडी रिकामा होतो, आणि पानावरच्या सगळ्याच शीर्षकांचा रिकामा होतो. काही जण ते सुधारताना युनिकोडचा ‘अक्षर’ हा गट घेतात. मग ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं! काना, वेलांटी, हलन्त हे युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. अक्षर, चिन्ह आणि अंक असे तिन्ही गट ठेवा आणि रेगेक्सला यू ध्वज लावा, एवढं केलं की ‘मराठी’ शाबूत राहतं.

त्याआधी मजकूर एनएफसी (युनिकोडच्या एकसारख्या, जोडलेल्या) रूपात आणा. ‘तऱ्हा’मधला ऱ एका सांकेतिक अक्षराने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोनांनीही. डोळ्याला फरक दिसत नाही, पण अनुक्रमणिकेतली लिंक आणि आयडी जुळत नाहीत. लिंक आणि आयडी दोन्ही एकाच फंक्शनमधून काढलेत तर हा त्रास मुळातच टळतो.

तरीही पत्त्यात शीर्षकाचं नाव देऊन पान उघडलं की ते वरच थांबतं, ना? ब्राउझर त्या जागी जायला निघतो तेव्हा मार्कडाउनचं रूपांतर झालेलंच नसतं. मजकूर पानात बसल्यावर पत्त्यातला हॅशनंतरचा भाग घ्या, तो डीकोड करा (मराठी अक्षरं तिथे टक्केवारीच्या चिन्हांत गेलेली असतात), त्या आयडीचा घटक शोधा आणि स्वतःच तिथपर्यंत सरकवा.

प्रश्न : कवितेच्या ओळी एकापुढे एक येतात.

नुसतं एंटर म्हणजे मार्कडाउनमध्ये स्पेसच. ओळ तोडायला ओळीच्या शेवटी दोन स्पेस किंवा एक बॅकस्लॅश हवा. बॅकस्लॅश बरा. दोन स्पेस दिसत नाहीत, आणि बरेच एडिटर फाइल साठवताना ओळीच्या शेवटच्या स्पेस न विचारता पुसतात. लिहिणाऱ्यांना मार्कडाउन येत नसेल तर लायब्ररीतला ‘ब्रेक्स’ पर्याय चालू करा, म्हणजे प्रत्येक एंटर ओळ तोडेल.

प्रश्न : डावीकडे लिहायचं, उजवीकडे लगेच दिसायचं असं पान केलं आहे. मजकूर वाढला की टायपिंग अडखळतं, चित्रं लुकलुकतात आणि उजवी बाजू उडी मारते.

प्रत्येक कळीला सगळा मजकूर पार्स करून उजवीकडचं सगळं एचटीएमएल बदलणं हे कारण. दीडशे-दोनशे मिलिसेकंद टायपिंग थांबलं की मगच रूपांतर करा. एवढ्यानेच अडखळणं बहुतेक वेळा जातं. मजकूर खूपच मोठा असेल तर पार्सर वेब-वर्करमध्ये (मागे वेगळ्या चालणाऱ्या धाग्यात) हलवा. डॉमप्युरिफायला मात्र डॉम (ब्राउझरमधली पानाची रचना) लागतो, म्हणून ते मुख्य धाग्यातच राहील.

लुकलुकणं थांबवायला फक्त बदललेले ठोकळे बदला. सगळा मजकूर पार्स करा, निकाल वरच्या पातळीवरच्या ठोकळ्यांत तोडा, प्रत्येक ठोकळ्याचं एचटीएमएल मागच्या वेळच्याशी ताडून पाहा, आणि जिथे फरक आहे तेवढाच घटक पानात बदला. जपून: वेळ वाचवायला बदललेला परिच्छेद तेवढाच पार्सरला देऊ नका. लिंकचे पत्ते लेखाच्या तळाशी वेगळे लिहिण्याची सोय मार्कडाउनमध्ये आहे, आणि सुट्या परिच्छेदाला ते दिसत नाहीत. तिथे लिंकऐवजी चौकोनी कंस उमटतील.

दोन्ही बाजू एकत्र सरकवायच्या असतील तर उंचीच्या प्रमाणावर जाऊ नका. एक मोठं चित्र सगळा हिशेब बिघडवतं. मार्कडाउन-इट प्रत्येक ठोकळ्याच्या टोकनमध्ये तो मूळ मजकुराच्या कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत आहे ते देते. तो ओळ-क्रमांक डेटा-गुणधर्म म्हणून टॅगवर लावा आणि सरकवताना तोच शोधा.

तीन बॅकटिक टाइप करताच खालचा सगळा लेख कोड होतो ही तक्रारही तुम्ही पुढे केली आहे. चौकट बंद केली नाही तर ती लेखाच्या शेवटपर्यंत चालते असा नियमच आहे. बंद करणारे बॅकटिक आले की सगळं जागेवर येतं. एडिटरने दोन्ही बाजूंचे बॅकटिक एकदमच घालावेत अशी सोय करा.

प्रश्न : लेखाच्या वर एक आडवी रेघ आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शीर्षक, दिनांक, लेखक’ असं सगळं एका ओळीत दिसतं.

फाइलच्या सुरुवातीचा, तीन डॅशच्या दोन ओळींमधला माहितीचा भाग तुम्ही पार्सरला देता आहात. तो मार्कडाउनचा भाग नाही. पार्सर पहिल्या डॅशची रेघ काढतो, आणि मजकुराला चिकटून खाली आलेल्या डॅशमुळे वरचा अख्खा परिच्छेद दुसऱ्या पातळीचं शीर्षक होतो. पहिली ओळ तीन डॅशची असेल तर पुढच्या तीन डॅशच्या ओळीपर्यंतचा भाग आधी कापून वेगळा ठेवा. लेखाच्या मधेही कुठे परिच्छेद अचानक शीर्षक झालेला दिसला, तर रेघेच्या वर रिकामी ओळ सोडायची राहिली आहे.